लघुग्रहांचा कुळशोध

डिसेंबर महिन्याच्या मध्यास रात्री मोकळ्या माळावर जाऊन आकाशाकडे दृष्टी लावली, तर मिथुन राशीच्या दिशेकडून एकामागून एक उल्का निघताना दिसतात. आकाश निरभ्र आणि काळोखी रात्र असेल, तर एका तासात शंभरावर उल्का मोजता येतात. हा वर्षाव प्रथम १८६२ साली ध्यानात आला. वर्षावातील उल्का म्हणजे एखाद्या धूमकेतूने आपल्या मार्गावर सांडलेली धूळ होय, हे पुढे ज्योतिर्विदांना कळून चुकले. परंतु मिथुनेच्या या उल्का सांडणारा धूमकेतू मात्र काही केल्या सापडेना. शंभरावर वर्षे गेली, तरी ही उल्कांची पोरे जणू अनाथच राहिली.

१९८३ साली उष्णतेच्या अदृश्य किरणांनी आकाश पाहणारा एक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत होता. त्याने टिपलेल्या माहितीतून सायमन ग्रीन आणि जॉन डेव्हीस या दोघांनी ऑक्टोबर महिन्यात एक वेगाने सरकणारा ठिपका शोधून काढला. त्याची कक्षा मांडताच धूमकेतूंचा थोर अभ्यासक फ्रेड व्हिपल याच्या ध्यानात आले, की मिथुनेच्या उल्का ज्या वाटेने येतात, तीच या ठिपक्याची वाट आहे. उल्कांचा जन्मदाता सापडला! पण तो धूमकेतू नव्हता. त्याला ना शेंडी, ना शेपटी. तो पाच-सहा किलोमीटर रुंदीचा एक खडक होता. दर दीड वर्षाच्या आत तो सूर्याजवळ जाऊन येतो. आणि जवळ म्हणजे किती, तर बुधाच्याही निम्म्याहून कमी अंतरावर, अवघ्या २.१ कोटी किलोमीटरांवर. तेथे त्याचा पृष्ठभाग ७०० अंशांवर तापतो. ग्रीक पुराणात सूर्यपुत्र फेथॉन याने हट्टाने पित्याचा रथ हाकला आणि तो प्राणास मुकला, अशी कथा आहे. त्याचेच नाव या खडकास देण्यात आले.

२००५ सालच्या ऑक्टोबरात आणखी एक लहान खडक सापडला. त्याची रुंदी सव्वा किलोमीटरच्या आसपास. त्याला पुराणातले नाव लाभले नाही; ‘२००५ यूडी’ या नोंदीच्या खुणेनेच तो ओळखला जातो. पुढच्याच वर्षी जपानी अभ्यासकांनी दाखवून दिले, की याची कक्षा फेथॉनच्या कक्षेशी विलक्षण जुळते. हे दोघे एकाच पाषाणाचे तुकडे असतील काय?

असा प्रश्न काही नवा नव्हे. तो प्रथम विचारला गेला त्याला दोनशेहून अधिक वर्षे झाली, आणि विचारणारा गृहस्थ ज्योतिषाचा अध्यापक नसून एक वैद्य होता.

जर्मनीतील ब्रेमेन शहरी हाइनरिख ओल्बर्स राहत असे. दिवसा रोगी तपासावेत आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावरून दुर्बिणीने आकाश न्याहाळावे, असा त्याचा नित्यक्रम. १८०१ सालच्या पहिल्याच दिवशी सिसिली बेटावरील पालेर्मो येथे पियाझी याने मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या प्रदेशात ‘सेरेस’ ही ज्योती शोधली होती. पियाझी आजारी पडला, सेरेस सूर्याच्या प्रकाशात लोपली आणि हरवली. चोवीस वर्षांच्या गाउस या गणितज्ञाने केवळ आकडेमोड करून ती कोठे सापडेल ते सांगितले, आणि वर्षाअखेरीस ती तेथे सापडलीही. ती पुन्हा पाहणाऱ्या पहिल्या दोघांपैकी ओल्बर्स हा एक. सेरेसच्या आसपासचे तारे तो आता इतके ओळखू लागला होता, की २८ मार्च १८०२ रोजी त्याच भागात एक परका तारा त्याला चटकन दिसला. ती होती ‘पालास’.

येथे मोठीच अडचण उभी राहिली. सूर्यापासून सेरेसचे जे सरासरी अंतर, जवळजवळ तेच पालासचे. एका घरात एकच ग्रह राहावा, अशी तेव्हाच्या विद्वानांची समजूत. आणि येथे तर दोन बिऱ्हाडे निघाली! ओल्बर्सने तर्क केला, की या ठिकाणी पूर्वी एक मोठा ग्रह असावा आणि काही कारणाने तो फुटला असावा. सेरेस व पालास हे त्याचे तुकडे. नुसता तर्क करून तो थांबला नाही, हे विशेष. तर्क खरा असेल तर काय घडले पाहिजे, याचा त्याने विचार केला. ग्रह ज्या जागी फुटला त्या जागेतून प्रत्येक तुकड्याची वाट निघालेली असणार. म्हणून सूर्याभोवती फिरता फिरता प्रत्येक तुकड्याने त्या जागेवरून, तसेच तिच्या बरोबर समोरच्या दिशेवरून गेलेच पाहिजे. पृथ्वीवरून या दोन जागा कन्या राशीत आणि तिमिंगल तारकापुंजात दिसतात. नाक्यावर पहारा ठेवला, की येणारा-जाणारा सापडणारच. ओल्बर्सने त्या दोन नाक्यांवर पहारा बसवला.

१८०४ साली ‘जुनो’ सापडली, ती तिमिंगलाच्या सीमेजवळच. शोधक होता हार्डिंग. आणि २९ मार्च १८०७ रोजी खुद्द ओल्बर्सला कन्या राशीत ‘व्हेस्टा’ सापडली. एखाद्या तर्काला याहून मोठे यश ते कोणते मिळावे?

तरीही तो तर्क चुकीचा होता. पुढे शेकडो लघुग्रह सापडले. त्यांच्या कक्षा कोणत्याही एका जागी एकत्र येत नव्हत्या. शिवाय आज या सर्व लघुग्रहांचे वस्तुमान एकत्र केले, तरी ते आपल्या चंद्राच्या शंभरात तीन भागांइतकेच भरते. एवढ्याशा मालमसाल्यात मोठा ग्रह कोठून व्हावा? गुरूच्या ओढीमुळे त्या पट्ट्यात ग्रह कधी घडलाच नाही, असे आता मानतात. ओल्बर्सला व्हेस्टा सापडली ती त्याच्या चिकाटीमुळे. त्याच्या सिद्धांतामुळे नव्हे. मात्र तो सिद्धांत नसता, तर त्या दोन नाक्यांवर तो इतकी वर्षे जागत बसला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे.

ओल्बर्सच्या पद्धतीत एक उणीव होती. लघुग्रहाची कक्षा स्थिर नसते. गुरू आणि शनी तिला सतत ओढत असतात, आणि तिची दिशा हजारो वर्षांत हळूहळू फिरत जाते. तुकडे खरोखरच एका जागी झाले असले, तरी लाखो वर्षांनंतर त्या जागेची खूण कक्षेत उरणार नाही. मग भावंडे ओळखावीत कशी?

याचे उत्तर जपानमधील कियोत्सुगु हिरायामा याने १९१८ साली दिले. तो तोक्यो येथील विद्यापीठात शिकवीत असे. एका माळावर अनेक गाई, प्रत्येकीला वेगळा खुंटा आणि वेगवेगळ्या लांबीची दोरी, असे दृश्य कल्पावे. गाय या क्षणी खुंट्याच्या पूर्वेस आहे की पश्चिमेस, याला फारसा अर्थ नाही. ती घटकेत येथे, घटकेत तेथे असणार. पण दोरी ताणून गाय फिरू लागली, तर दोरीची लांबी आणि खुंट्याची जागा बदलत नाही. हिरायामाने प्रत्येक कक्षेतील अशी न बदलणारी मापे शोधून काढली. कक्षेची दिशा फिरते, पण तिची लांबी, तिचा मूळ लंबगोलपणा आणि तिचा मूळ कल ही युगानुयुगे जवळजवळ तशीच राहतात. त्या काळी सुमारे आठ-नऊशे लघुग्रह ज्ञात होते. गणकयंत्रे नव्हती, सर्व आकडेमोड हाताने. ही मापे कागदावर बिंदूंनी मांडली, तेव्हा बहुतेक बिंदू विखुरलेले दिसले. पण काही ठिकाणी ते असे दाटून आले होते, की तो योगायोग म्हणणे शक्यच नव्हते. हिरायामाने अशा समूहांना ‘कुटुंबे’ म्हटले. कोरोनिस, इओस आणि थेमिस ही त्याने ओळखलेली पहिली तीन कुटुंबे. प्रत्येक कुटुंब म्हणजे एका मोठ्या लघुग्रहाला दुसऱ्याची धडक बसून झालेले तुकडे. एक ग्रह फुटला नव्हता. अनेक लहान घरे वेगवेगळ्या काळी फुटली होती.

कोरोनिस कुटुंबाच्या बाबतीत पुढे एक नवल घडले. त्याच्यातच ‘कारिन’ नावाचा एक लहान, दाट समूह आहे. २००२ साली डेव्हिड नेस्वोर्नी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या समूहातील तेरा लघुग्रहांच्या कक्षा गणकयंत्रावर उलट्या फिरवल्या. जणू काळाचे चाक मागे फिरवले. कक्षांच्या दिशा हळूहळू एकमेकींकडे वळू लागल्या आणि ५८ लाख वर्षांपूर्वीच्या एका क्षणापाशी सगळ्या एकत्र आल्या. त्यापूर्वी त्या पुन्हा पांगल्या. ओल्बर्सला हवी होती ती फुटण्याची जागा आणि वेळ शेवटी हाती आली, ती त्याच्या ग्रहाची नव्हे, तर तीसेक किलोमीटर रुंदीच्या एका धोंड्याची.

मात्र हे सारे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या शांत पट्ट्यातले. पृथ्वीजवळ येणाऱ्या लघुग्रहांची गोष्ट निराळी आहे. २०२४ सालच्या अखेरीपर्यंत असे ३५,००० हून अधिक लघुग्रह नोंदले गेले होते. ते येथे येतात कसे, याचे बीज डॅनियल कर्कवुड या अमेरिकन गणितज्ञाने १८६६ साली शोधले होते. पट्ट्यात काही ठिकाणी लघुग्रहच नाहीत, रिकामे पट्टे आहेत, असे त्याला दिसले. उदाहरणार्थ, गुरूची एक फेरी होईतो जेथे लघुग्रहाच्या बरोबर तीन फेऱ्या व्हाव्यात, ती जागा रिकामी आहे. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला दर वेळी नेमक्या क्षणी हलकासा धक्का दिला, तर झोपाळा चढत चढत जातो; तसाच गुरूचा धक्का त्या जागी दर वेळी नेमका बसतो. कक्षा लांबट होत जाते आणि अखेरीस तो दगड मंगळ, पृथ्वी यांच्या वाटा ओलांडू लागतो.

येथे आल्यावर त्याचे आयुष्यही थोडके उरते. काही लाख ते काही कोटी वर्षांत तो सूर्यात पडतो, एखाद्या ग्रहावर आदळतो किंवा सूर्यमालेबाहेर फेकला जातो. तोवर पृथ्वी व शुक्र यांच्या जवळून जाताना प्रत्येक भेटीत त्याची कक्षा थोडी वळते. इतकी, की काही हजार वर्षांमागचा हिशेबही अनेकदा धूसर होतो. खुंटा उपटला गेला, दोरी तुटली. आता हिरायामाची मापे कामाची नाहीत.

वाट विसरली तरी चेहरा राहतो. खडकावरून परतलेल्या सूर्यप्रकाशाचा वर्णपट घेतला, तर त्यात खडकातील खनिजांच्या खुणा उमटतात. या पद्धतीचा सर्वांत मोठा विजय ओल्बर्सच्याच व्हेस्टावर मिळाला. १९७० साली असे दिसून आले, की व्हेस्टाचा वर्णपट पृथ्वीवर पडलेल्या एका विशिष्ट जातीच्या अशनींशी जुळतो. हे अशनी बेसाल्टचे आहेत. सह्याद्रीचे कडे ज्या काळ्या पाषाणाचे, तोच हा पाषाणप्रकार. तप्त लाव्हा थिजून झालेला. सव्वापाचशे किलोमीटर व्यासाच्या लहानशा व्हेस्टावर एके काळी लाव्हा वाहत होता, असा याचा अर्थ.

असाच एक अशनी २० जून १९९६ रोजी राजस्थानातील पाली जिल्ह्यात पिपलिया कलां या गावी पडला. अहमदाबाद येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी त्याची तपासणी करून १९९९ साली दाखवले, की त्यात एके काळी किरणोत्सर्गी ॲल्युमिनियम होते. सूर्यमालेच्या बाल्यात अशा लहान गोलांना वितळवणारी उष्णता कोठून आली असावी, याचा तो पुरावा ठरला.

पण व्हेस्टा कर्कवुडच्या रिकाम्या पट्ट्यापासून दूर आहे. तिचे तुकडे तेथवर पोचले कसे? ही शंका वीसहून अधिक वर्षे छळत राहिली. १९९१ साली पृथ्वीजवळच्या तीन लहान लघुग्रहांचा चेहरा बेसाल्टचा निघाला. १९९३ साली रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू यांना व्हेस्टापासून थेट त्या रिकाम्या पट्ट्याच्या काठापर्यंत पसरलेले, दहा किलोमीटरहूनही लहान असे वीस बेसाल्टी लघुग्रह सापडले. सांडलेल्या दाण्यांवरून पोत्याची वाट कळावी, तसे ते झाले. पुढे २०११ साली ‘डॉन’ नावाचे यान व्हेस्टाभोवती फिरू लागले. तिच्या दक्षिण ध्रुवावर सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे प्रचंड विवर आहे. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या त्या धडकेत उडालेले तुकडे म्हणजेच हे दाणे होत.

येथवर सारे सुरळीत दिसते. परंतु चेहराही फसवतो.

२० जुलै २००७ रोजी ऑस्ट्रेलियातील नलारबोर माळरानावर एक अग्निगोल पडला. आकाशावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांनी त्याची वाट टिपली होती. म्हणून पुढच्या वर्षी त्याचा दगड शोधता आला. ‘बनबरा रॉकहोल’ असे त्याचे नाव. दिसायला तो हुबेहूब व्हेस्टाच्या कुळातला, तोच बेसाल्ट. पण त्यातील प्राणवायूच्या तीन प्रकारच्या अणूंचे प्रमाण मोजले, तेव्हा ते व्हेस्टाच्या अशनींशी जुळेना. हे प्रमाण म्हणजे जन्मखूणच. ती सहसा पुसत नाही. दूर कोठेतरी दुसराही एक गोल वितळला होता, आणि हा त्याचा तुकडा होता.

याच्या उलट प्रकार दुसऱ्याच वर्षी घडला. ६ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेतील एका वेधशाळेस सुमारे चार मीटर रुंदीचा लघुग्रह दिसला, आणि हिशेब करताच कळले, की तो एका दिवसाच्या आत पृथ्वीवर पडणार आहे. आदळण्यापूर्वी दिसलेला हा पहिलाच लघुग्रह. ‘२००८ टीसी ३’ ही त्याची खूण. दुसऱ्या दिवशी पहाटे सुदान देशाच्या वाळवंटावर तो फुटला. डिसेंबरात खार्टूम विद्यापीठातील विद्यार्थी आपले अध्यापक आणि पीटर जेनिस्केन्स हा शास्त्रज्ञ यांच्यासह तेथे गेले. शेत निंदणाऱ्या मजुरांप्रमाणे लांब ओळ धरून, पायांपुढची वाळू न्याहाळत, ते मैलोगणती चालले. काळसर खड्यांनी भरलेल्या त्या वाळवंटात नेमका आकाशातून पडलेला काळा खडा ओळखायचा होता! या व पुढच्या मोहिमांत मिळून सुमारे सहाशे तुकडे सापडले. जवळच्या रेल्वे स्थानकावरून त्यांना ‘अल्महाता सित्ता’, म्हणजे ‘सहावे स्थानक’, हे नाव पडले. तुकडे तपासले, तेव्हा शास्त्रज्ञ गोंधळात पडले. एकाच लघुग्रहाचे तुकडे, आणि त्यांत अनेक भिन्न जातींचे अशनी! पूर्वी निरनिराळे गोल फुटले, त्यांचे दगड एकमेकांत मिसळून पुन्हा एक ढीग झाला, आणि तो ढीग म्हणजे हा लघुग्रह, असे आता समजतात. म्हणजे सारखे दिसणारे परके असू शकतात, आणि वेगळे दिसणारे एका घरातले.

आता फेथॉन आणि २००५ यूडी यांच्याकडे पुन्हा वळावे. त्यांच्या कक्षा मागे फिरवल्या, तर काही हजार वर्षांच्या अंतराने दोन्ही एकसारखेच रूप घेतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात दोघांनाही निळसर झाक आहे. अशी झाक फार थोड्या लघुग्रहांना असते. वाट जुळली, चेहरा जुळला. अनेक वर्षे ही दोघे सख्खी भावंडे मानली गेली.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उष्णतेच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत २००५ यूडीकडे पाहण्यात आले. त्या प्रकाशात फेथॉन निळसरच राहिला. पण २००५ यूडी तांबूस निघाला. दोघेही सूर्याजवळ सारखेच होरपळणारे. मग रंग वेगळे का? एक कदाचित दुसऱ्यापेक्षा अधिक तापला असेल, म्हणून अभ्यासकांनी फ्रान्समधील ओर्गेल येथे १८६४ साली पडलेल्या कार्बनयुक्त अशनीचे चूर्ण घेऊन ते भट्टीत निरनिराळ्या उष्णतेवर तापवून पाहिले. तापवण्याने रंग बदलला खरा, पण दोघांमधला फरक त्याने सहजी उलगडेना. ही दोघे भावंडे नसावीत, असा त्यांचा कल पडला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की एकाच खडकाचा वरचा थर एकात गेला असेल आणि पोटातला भाग दुसऱ्यात. सुदानातील तो ढीग पाहिल्यावर हे म्हणणे अगदीच उडवून लावता येत नाही.

प्राणवायूची जन्मखूण मोजली, तर निकाल लागेल. त्यासाठी दोघांचाही कण हाती हवा. हिरायामाच्या देशाने फेथॉनजवळून जाऊन त्याची धूळ तपासणारे ‘डेस्टिनी प्लस’ हे यान पाठवण्याची योजना आखली आहे. २००५ यूडीची धूळही पृथ्वीवर येते, असे मानतात. षष्ठांश नावाच्या तारकापुंजाच्या दिशेने सप्टेंबरच्या अखेरीस एक उल्कावर्षाव होतो, तो बहुधा त्याचाच. पण तो भर दिवसा पडतो. सूर्याच्या उजेडात त्या उल्का कोणालाच दिसत नाहीत. रडारच्या लहरींना मात्र त्यांची चाहूल लागते.